आधी वजनकाटा आण

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. घरी भाजी, आमटी, सणाला पुरणपोळीसुद्धा मी करतो. मावशी म्हणते, हाताला चव आहे. मला कलिनरी आर्ट्सची, म्हणजे पाककलेची पदवी करायची आहे, पण बाबा म्हणतात, पोळ्या लाटायला कॉलेज कशाला? माझं इंग्रजीही बेताचंच आहे. या शिक्षणाला कोणते गुण लागतात?
– एक विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : हाताला चव आहे, चांगलंच आहे. पण पहिल्या वर्षी तुझ्या चवीला कुणी फारसं विचारणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मी 22 वर्षं ट्रेनिंग किचनमध्ये शिकवलं. सुरुवात गाजरापासून. ब्रुन्वाज म्हणजे साधारण 3 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. मुलांनी चिरलेलं गाजर मी ताटात पसरायची आणि मोठे तुकडे बोटाने बाजूला सारायची. घरी छान रांधणारी मुलंच इथे चिडायची. ‘मॅडम, शिजल्यावर सगळं सारखंच की!’ नाही रे. बारका तुकडा गळतो तेव्हा मोठा कच्चाच असतो.

म्हणजे चिकाटी हवी. आणि गणित हवं, ते कुणी सांगत नाही. कांदा 40 रुपये किलो. साल-देठ काढून हातात उरला 880 ग्रॅम, तर तुला तो साडेपंचेचाळीस रुपये किलोने पडला. प्लेटची किंमत या आकड्यावर ठरते, बाजारभावावर नाही. चार माणसांची आमटी चाळीस माणसांची करताना सगळं दसपट करून चालत नाही, कारण मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं. म्हणून आधी वजनकाटा आण. एकच भाजी तीनदा कर. मीठ, तेल, वेळ वहीत लिही. तिन्ही वेळा मावशीला सारखी लागली पाहिजे. ‘अंदाजे’ हा शब्द आईच्या स्वयंपाकघरात शोभतो.

बाकी, आठ-दहा तास उभं राहता येतं का? ओटा, चिरण्याचा पाट, शेवटी फरशी, सगळं स्वतः पुसायचं. मी शिकत असताना घाईत ओल्या फडक्याने ओव्हनमधला ट्रे उचलला. ओल्या कापडातून उष्णता झटकन आरपार येते, पाण्याची वाफ होते ती वेगळीच. तळव्यावर फोड आले, ट्रेमधले पाव जमिनीवर. शेफ ओरडले नाहीत, फक्त कोरडं फडकं दिलं आणि पीठ पुन्हा मळायला लावलं. बोलणी खाऊन पुन्हा कामाला लागता येणं, हाही गुणच धर.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस, पण अगदी सोडूनही चालणार नाही. शासकीय हॉटेल मॅनेजमेंट संस्थांच्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते. तिला बारावीची कोणतीही शाखा चालते, विषयांत इंग्रजी मात्र हवं. गणित, तर्क, सामान्यज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल असे भाग असतात. त्या पदवीत स्वयंपाकाबरोबर हाऊसकीपिंग (खोल्यांची देखभाल) आणि फ्रंट ऑफिसही (पाहुण्यांच्या स्वागताचं काम) करावं लागतं. निव्वळ पाककलाच हवी असेल तर तिरुपती आणि नोएडाची इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट बघ.

बाबांना एकदा मुंबईत दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत घेऊन जा. 1954 साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेली ही देशातली अशी पहिली संस्था. तिथलं मोठं किचन बघितल्यावर पोळ्यांचा विषय निघतो का बघू.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. मांसाहार करतोस का? कोंबडी साफ करणं, मासा काट्यावरून सोडवणं अभ्यासात असतं, आणि शिजवलेलं चाखावंही लागतं. काही संस्थांत शाकाहारी पर्याय आहे, सगळीकडे नाही. फी भरायच्या आधी माहितीपुस्तिकेत हे पान शोध, आणि घरातही आत्ताच बोलून घे.