व्हॅलोरंट नव्याने खेळणाऱ्यांसाठी: आधी माउस, मग ग्राफिक्स

व्हॅलोरंट या गोळीबाराच्या संगणक खेळात ग्राफिक्सला हात लावण्यापूर्वी माउसची संवेदनशीलता ठरवावी. ८०० डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो किती ठिपके मोजतो तो आकडा) आणि खेळातील सेन्सिटिव्हिटी ०.४ ठेवल्यास पूर्ण गिरकी घेण्यासाठी माउस सुमारे ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. सुरुवातीला हे अंतर फार वाटते, परंतु नेम स्थिरावतो तो यामुळेच, म्हणून एक सामना हरलात की आकडा बदलण्याचा मोह टाळावा आणि किमान दोन आठवडे तोच ठेवावा.

मटेरियल, टेक्स्चर आणि डिटेल हे ग्राफिक्सचे तिन्ही पर्याय लो ठेवून व्ही-सिंक (खेळाची चित्रे मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सोय) बंद करावे, कारण ते चालू असताना क्लिक आणि गोळी यांत विलंब वाढतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, असला तरी विंडोजमध्ये तो ६० वर तर नाही ना, हे तपासावे. मी स्वतः दोन महिने तसाच खेळलो. साठला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला जेमतेम ७.

नाशिककरांना मुंबईचा सर्व्हर जवळचा, तोच निवडावा. पंचवटीतील आमच्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड पोहोचत नसे. राउटरपासून जिन्यावरून लॅन केबल ओढली, तेव्हा कुठे पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) उड्या मारायचे थांबले.