हवा आत कुठून येते? : छतावरच्या हूडांविषयी वाचकांच्या शंका

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमची पुठ्ठ्याची खोकी तयार करणारी शेड आहे. लांबी 30 मीटर, रुंदी 15 मीटर, सरासरी उंची 8 मीटर. उकाडा कमी व्हावा म्हणून आम्ही छताच्या उतारावर सहा गोल हूड, म्हणजे हवा बाहेर जाण्यासाठी टोपी असलेली तोंडे, बसवून घेतले; त्यांचा गळा, म्हणजे हवा जाण्याचे भोक, 600 मिलिमीटर व्यासाचा आहे. उकाडा होता तसाच राहिला, आणि पावसाळा लागताच तीन हूडांभोवती गळती सुरू झाली. आणखी सहा हूड बसवावेत, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे आहे. बसवावेत का?
— एक लघुउद्योजक, अंबड

उत्तर : पुढचा हिशेब कागदावर मांडून पाहिल्याशिवाय एकही नवा हूड बसवू नये. अशा कामांच्या कोटेशनमध्ये किती नग ते लिहिलेले असते, मात्र ते नग मिळून ताशी किती घनमीटर हवा बाहेर टाकणार हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते, आणि आपल्या बाबतीत नेमके तिथेच चुकले आहे.

आपल्या शेडचे घनफळ 3,600 घनमीटर भरते. आतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलावी, एवढी माफक अपेक्षा धरली तरी ताशी 36,000 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 10 घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पंखा नसलेल्या हूडातून हवा जाते ती गरम हवा हलकी होऊन वर चढते म्हणून. खालच्या खिडक्या आणि हूड यांच्या उंचीत 7 मीटरचे अंतर असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा 5 अंशांनी गरम असेल, तर गळ्यातून हवेचा वेग सेकंदाला जेमतेम 0.8 मीटर मिळतो, आणि तोही हवा आत येण्याची जागा बाहेर जाण्याच्या जागेच्या दुप्पट असली तरच. दोन्ही जागा सारख्या असतील, तर हा वेग 0.63 मीटरच्या आसपास उतरतो. आपल्या सहा गळ्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 1.7 चौरस मीटर आहे. त्यातून उत्तम परिस्थितीतही सेकंदाला 1.4 घनमीटरच्या आसपास हवा जाईल, म्हणजे तासाला दीड वेळासुद्धा हवा बदलणार नाही. सहाचे बारा हूड केले, तरी आकडा तीनच्या आतच राहील. वारा असेल तेव्हा तो मदत करतो हे खरे. पण एप्रिल-मेमधल्या ज्या दुपारी झाडाचे पानही हलत नाही, त्याच दुपारी आपल्याला हवेची खरी गरज असते, म्हणून हिशेबात वारा धरू नये.

दहा घनमीटरसाठी सुमारे साडेबारा चौरस मीटर गळा लागतो. आपल्या शेडची रिज, म्हणजे छपराचे दोन्ही उतार मिळतात ती माथ्याची रेषा, 30 मीटर लांब आहे. तिच्यावर सलग 450 मिलिमीटर रुंदीच्या गळ्याचा रिज व्हेंटिलेटर बसवला, तर साडेतेरा चौरस मीटर मिळतात आणि उतारावर एकही भोक पाडावे लागत नाही. माझा कौल या पर्यायाला आहे. दुसरा पर्याय विजेवर चालणाऱ्या छतावरील पंख्यांचा. ते घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा : नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण सात टक्के विरळ आहे, आणि उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. पंखा तेवढेच घनमीटर ओढतो, पण त्या हवेबरोबर बाहेर जाणारी उष्णता कमी असते. सेकंदाला 10 घनमीटर हवा 5 अंशांनी तापून बाहेर पडली, तर ती इथे साधारण 50 किलोवॉट उष्णता नेते. आपली यंत्रे आणि तापलेला पत्रा मिळून याहून जास्त उष्णता आत सोडत असतील, तर दहा वेळांचा आकडाही अपुरा पडेल.

पर्याय कोणताही निवडा, हवा आत यायला खाली जागा हवीच. शटर अर्धे ओढून, धूळ नको म्हणून खिडक्या बंद करून वर कितीही हूड लावले, तरी त्यांचा उपयोग होणार नाही. भर दुपारी काम चालू असताना खिडकीच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरून पाहा. धूर ठामपणे आत ओढला जात नसेल, तर आधी खालच्या झडपा वाढवा. पैसेही त्यालाच सर्वांत कमी लागतात. कामाच्या जागी ताज्या हवेची पुरेशी व्यवस्था ठेवणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे (नोव्हेंबर 2025 पर्यंत ती कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 13 मध्ये होती), आणि औद्योगिक वायुवीजनासाठी आयएस 3103 हे भारतीय मानकही उपलब्ध आहे. सल्लागाराकडून त्याच्या आधारे लेखी हिशेब मागून घ्यावा.

आता गळतीविषयी. उताराच्या मध्यावर हूडची चौकट उभी केली की रिजवरून येणारे पाणी तिच्या वरच्या अंगाला अडते आणि पन्हळींमध्ये तुंबते. कौले शाकारताना वरचे कौल नेहमी खालच्या कौलावर येते; पत्र्याच्या छपरालाही तोच नियम आहे. चौकटीच्या वरच्या बाजूचे फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) वरच्या पत्र्याच्या खाली शिरले पाहिजे आणि खालच्या बाजूचे फ्लॅशिंग खालच्या पत्र्यावरून उतरले पाहिजे. चौकटीच्या मागे दोन्हीकडे उतरता छोटा उंचवटाही हवा, म्हणजे पाणी तिथे न साचता बाजूंनी निघून जाते. आपल्याकडे चारही बाजूंनी पत्र्यावर पट्टी ठेवून सीलंट भरले असावे, असे गळतीच्या वर्णनावरून दिसते. साडेसात मीटर लांबीचा पोलादी पत्रा 40 अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. नाशिकच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या बाबतीत हे रोज घडते. केवळ सीलंटचा सांधा ही ओढाताण फार काळ सोसत नाही. म्हणून उतारावरचे हूड काढून तिथे पूर्ण लांबीचे नवे पत्रे टाकावेत. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वायसरसह घ्यावेत. पाणी वाहते त्या खोलगट भागात घेऊ नयेत.

शेडवर सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर एक विनंती कळकळीने करतो. हा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या भाराने काही कल्पना न देता फुटतो. पर्लिनवर (पत्र्याखालच्या आधाराच्या पट्ट्यांवर) आडव्या फळ्या टाकल्याशिवाय, खाली जाळी बांधल्याशिवाय आणि सुरक्षापट्टा पक्क्या आधाराला अडकवल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. काम अर्ध्या दिवसाचे असले, तरीही नाही. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तो ग्राइंडरने कोरडा कापू नये.

प्रश्न : गंगापूर रोडवर आमचे उपाहारगृह आहे. स्वयंपाकघराच्या धुराच्या डक्टवर गच्चीत साधा छत्रीसारखा हूड बसवला आहे. गच्चीवर तेलकट डाग पडतात आणि शेजारचे लोक वासाची तक्रार करतात.
— एक व्यावसायिक

उत्तर : शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे. छत्रीचा हूड वर आलेला धूर पुन्हा खाली गच्चीकडे वळवतो. स्वयंपाकघरासाठी धूर सरळ वर फेकणारा, तळाशी तेल गोळा करणारे भांडे असलेला आणि साफसफाईसाठी बिजागरीवर उघडणारा पंखा बसवावा. कोणत्याही एसीच्या किंवा ताज्या हवेच्या तोंडापासून तो निदान 3 मीटर दूर असावा. डक्टमध्ये साठलेले तेल पेट घेते, म्हणून त्याच्या सफाईचे वेळापत्रक ठरवून लिहून ठेवावे. अशा डक्टच्या तोंडावर बारीक जाळी कधीही लावू नये. ती तेलाने बुजते.

प्रश्न : कॉलेज रोडवर आम्ही दुमजली व्यापारी इमारत बांधत आहोत. नकाशात गच्चीवर 'ताज्या हवेचे हूड, 600 × 600, चार नग' एवढीच नोंद आहे. ठेकेदाराला आणखी काय लिहून द्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्यांदा प्रत्येक हूडसमोर हवेचा आकडा लिहावा. हवा आत घेणाऱ्या हूडच्या गळ्यातील वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटरपर्यंत ठेवावा, कारण वेग त्याहून वाढला की हवेबरोबर पावसाचे थेंबही आत ओढले जातात. या हिशेबाने 600 × 600 च्या एका गळ्यातून सेकंदाला 0.9 घनमीटर हवा येईल. चार हूड मिळून 3.6. तेवढी पुरते का, हे वातानुकूलनाच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे. हूडच्या टोपीखालची मोकळी जागाही गळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा कमी असू नये. पुष्कळ स्वस्त हूडांमध्ये गळा मोठा आणि ही फट अरुंद असते, त्यामुळे गळ्याच्या मापाला काही अर्थच उरत नाही.

जागा ठरवताना आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, हे ध्यानात घ्यावे. शौचालयाचे, जनरेटरचे आणि स्वयंपाकघराचे निकास या हूडांच्या त्या अंगाला येऊ देऊ नयेत. पक्ष्यांसाठी साधारण 12 मिलिमीटरची जाळी पुरेशी असते. डासांची जाळी हवी असेल, तर ती काढून धुता येईल अशी घ्यावी. न धुतलेली जाळी काही महिन्यांतच हवा अडवू लागते.

स्लॅबमधील भोके ओतकामाच्या वेळीच सोडून घ्यावीत, सळ्यांची मांडणी संरचना अभियंत्याने त्याप्रमाणे करावी, आणि भोवती काँक्रीटचा कठडा गच्चीच्या अंतिम पातळीपासून निदान 300 मिलिमीटर उंच बांधावा. ही उंची कोबा झाल्यानंतरची हवी. स्लॅबपासून मोजलेली उंची कोब्याखाली अर्धी गडप झालेली पुष्कळ ठिकाणी दिसते. वॉटरप्रूफिंग कठड्यावर चढवून, कोपरा गोलाकार भरून घेऊन, हूडच्या कडेच्या आत संपवावे.

हूड घट्ट बसवण्याकडे फार थोडे जण लक्ष देतात. इमारतींवरील भारांच्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्यातून निघणारा दाब, इमारतीची उंची आणि परिसर यांचे गुणक लावण्यापूर्वीच, चौरस मीटरला 90 किलो वजनाइतका होतो, आणि गच्चीच्या कडा-कोपऱ्यांवर वर उचलणारे बल त्याहून अधिक असते. पत्र्याच्या हूडचे स्वतःचे वजन याच्यापुढे काहीच नाही. म्हणून चारही बाजूंना अँकर बोल्ट किती, कोणत्या व्यासाचे आणि कठड्यात किती खोल, हे नकाशावरच लिहावे. ॲल्युमिनियमच्या हूडला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मध्ये रबरी वायसर घ्यावेत.

शेवटचे बिल देण्यापूर्वी प्रत्येक हूडवर चारही बाजूंनी निदान अर्धा तास नळीने पाणी सोडावे, एक माणूस खाली टॉर्च घेऊन उभा करावा, आणि यंत्रणा चालू करून प्रत्येक गळ्यातील हवेचा वेग ॲनिमोमीटरने मोजून लिहून घ्यावा.