बाकडं, जिना, कोपरा: जागेवर बसून स्केच करताना चित्र कागदाबाहेर जातं आणि सपाट दिसतं, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की रिकामं बाकडं किंवा जिन्याचा कोपरा काढायला बसलं की अर्धी वस्तू कागदाबाहेर जाते आणि उरलेलं सपाट दिसतं. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं: बारकावे आधी, मापं नंतर. शांत जागी काही हलत नाही, म्हणून वेळच वेळ आहे असं वाटतं आणि सुरुवात थेट बाकड्याच्या खिळ्यांपासून होते.

सामान थोडंच न्या. ए५ वही (साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर), २बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल, ०.३ मिलिमीटर टोकाचं वॉटरप्रूफ पेन. वर जलरंग द्यायचा असेल तर कागद किमान २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) हवा, पातळ कागद फुगतो. पेनाची शाईही दोन-तीन मिनिटं वाळू द्या. वही सावलीत धरा. उन्हातल्या कागदावर रंग फिके भासतात, आपण ते गडद करत जातो आणि घरात पाहिलं की चित्र काळवंडलेलं दिसतं. वही मांडीवर आडवीही ठेवू नका. तिचा वरचा भाग नजरेला आखूड दिसतो, त्यामुळे नकळत तिथलं चित्र लांबट होतं. नजर काटकोनात पडेल इतकी ती तिरकी उचला.

आधी ५ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटीत छोटा आराखडा करा. ए५चं प्रमाणही जवळपास तेच आहे. मग मापं. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. टोकापासून अंगठ्यापर्यंत बाकड्याची उंची घ्या आणि ती रुंदीत किती वेळा बसते ते पाहा. अडीच वेळा बसली, तर कागदावरही अडीचच. कोपर जरा वाकलं की माप बिघडतं. वर, खाली, डावी, उजवी अशा चार फिकट खुणा केल्याशिवाय एकही रेष ओढू नका. हे कंटाळवाणं आहे खरं, पण चित्र कागदाबाहेर जाणं इथेच थांबतं.

आता डोळ्यांची पातळी, म्हणजे समोर सरळ पाहताना डोळ्यांच्या उंचीवर कल्पिलेली आडवी रेषा. मागे जाणाऱ्या आडव्या कडा या पातळीच्या वर असतील तर खाली उतरतात, खाली असतील तर वर चढतात. शेजारी बादली असेल तर तिचं बूड तोंडापेक्षा पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षा अधिक गोलसर हवी. तिथे सरळ रेघ ओढली की बादली जमिनीवर बसतच नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखा आणि मग कितीही मोह झाला तरी बदलू नका, नाहीतर चित्रात दोन सूर्य उगवतात. डोळे किलकिले करून तीनच छटा शोधा: कोरा कागद, मधली आणि सगळ्यात गडद. सपाट चित्रांत सगळीकडे मधलीच असते. गडद छटा जपून वापरा. बाकड्याचा पाय जमिनीला टेकतो तिथली बारीक काळी रेघ अख्ख्या बाकड्याला वजन देते.

बारकावे सर्वांत शेवटी आणि एकाच ठिकाणी. मागे विटांची भिंत असेल तर सावलीच्या कडेच्या दहा-बारा विटा पुरतात.