पेढे प्रवेशाचे नकोत

बेलव्ह्यूच्या ताई, मुलाला शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) घालण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. त्या पत्रातली एक ओळ वाचून हसू आलं आणि रागही आला. "यांचं म्हणणं, कम्युनिटी कॉलेजातच घालायचं होतं तर नाशिक काय वाईट होतं?"

भावोजींना सांगा, शाळेच्या काउन्सेलरनं सुचवलेली 'रनिंग स्टार्ट' ही ढ मुलांची सोय नव्हे. वॉशिंग्टन राज्यात १९९०च्या कायद्यानं ती सुरू झाली. अकरावी-बारावीतली मुलं कम्युनिटी कॉलेजसारख्या कॉलेजांतले वर्ग करतात आणि ते शाळेतही धरले जातात, कॉलेजातही. ठरावीक क्रेडिट्सपर्यंत (क्रेडिट म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचं माप) ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ. पुस्तकं, इतर फी आणि जाणं-येणं मात्र आपलं. राज्याबाहेरचं खासगी विद्यापीठ ही क्रेडिट्स धरेलच असं नाही, ते आधी विचारून घ्या.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपली माणसं प्रवेशाचे पेढे वाटतात, पदवी पुरी होतेय का ते कोणी बघत नाही. माझ्या जाऊबाईंनी असेच पेढे वाटले होते. पुतण्या दुसऱ्या वर्षी बॅगा घेऊन दारात! दोन विषय गेल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. पुढे कम्युनिटी कॉलेजात एक सल्लागार बाई दर पंधरा दिवसांनी त्याला बोलावून विचारायच्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हे काही आमच्याच घरचं नवल नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २००७पासून 'एसॅप' नावाचा, मुलांची पदवी पुरी करून घेणारा कार्यक्रम चालतो: पूर्ण वेळ शिक्षण, ट्यूशनला मदत, प्रवासाचा पास आणि सल्लागाराशी नेमानं भेट. तिथल्या पाहणीत तीन वर्षांत पदवी घेणारे 'एसॅप'बाहेर २२ टक्के, तर 'एसॅप'मध्ये ४० टक्के निघाले.

तेव्हा चिरंजीवांना पहिल्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजातल्या अ‍ॅडव्हायझरकडे, म्हणजे सल्लागाराकडे, पाठवा. आणि हो, वय सोळा असलं तरी कॉलेज त्याचे मार्क सहसा तुम्हाला परस्पर सांगणार नाही. ते मार्क कायमचे नोंदले जातात, म्हणून त्यानं स्वतःच पोर्टल उघडून दाखवायचं, हे आत्ताच ठरवून टाका. ओरडाआरडा न करता बघायचं, एवढं भावोजींकडून कबूल करून घ्या.

एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या क्लासचं विचारलंत. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत ती सक्तीची राहिलेली नाही, पैसे वाचवा. हॉस्टेलातल्या शाकाहारी जेवणाचा घोर आत्तापासून कशाला? राइस कुकर बऱ्याच ठिकाणी खोलीत चालत नाही. मेतकुटाला कोणी अडवत नाही.