मुलांमध्ये अंतर राखून पीटीच्या तासाला काय घ्यावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सहावीच्या वर्गात ४२ मुलं, गावात गालगुंडाची साथ, कबड्डी आणि खो-खो बंद ठेवायला सांगितलंय, मैदान लहान, आणि मुख्याध्यापक म्हणतात पीटीच्या तासाला गणित घ्या. हे शेवटचं तर साथ नसतानाही चालूच असतं. पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांची राखीव जागा, हे मी बावीस वर्षं बघतोय.

आधी एक गोष्ट. ज्याचा गाल सुजलाय त्याला सूज आल्यापासून निदान पाच दिवस घरी ठेवायचं. ते झालं नाही तर मैदानावर कितीही मोजून अंतर ठेवलं तरी उपयोग शून्य.

आता मैदानाचं. आमच्याकडे कोविडमुळे बंद असलेले पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला सुरू झाले, तेव्हा सहा फुटांचा नियम होता आणि मलाही वाटलं होतं की आता पोरांना उभं करायलाच जागा पुरायची नाही. टेप घेऊन बसलो. सात-सातच्या सहा रांगा, दोन मुलांत दोन मीटर. म्हणजे लांबी बारा मीटर, रुंदी दहा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. अख्खा वर्ग एका कबड्डीच्या मैदानात बसतो! तुमचेही ४२ च आहेत, तेव्हा हाच हिशोब जसाच्या तसा घ्या. फक्कीने प्रत्येकाची फुली मारा आणि महिनाभर फुली बदलू नका. तिला आमची पोरं ‘माझं घर’ म्हणायला लागली. एकदा घर झालं की ‘लांब उभा राहा’ म्हणून ओरडावं लागत नाही.

घरात उभं राहून बैठका, जागेवर धावणं, दोरीउड्या सगळं होतं. सूर्यनमस्काराला मात्र फसायला होतं. पोरगं आडवं झालं की दीड मीटर खातं आणि मागच्याचं डोकं पुढच्याच्या पायाशी येतं. म्हणून एक रांग सोडून एक रांग आडवी, बाकीच्यांनी तोवर उभ्यानेच कमरेचे आणि खांद्यांचे व्यायाम करायचे, मग पाळी बदलायची.

खरी गंमत खो-खोच्या मैदानात आहे. दोन आडव्या पाट्यांमध्ये साधारण २.३० मीटर जागा असते, म्हणजे सात फुटांहून जास्त. चौकात बसलेले आठही जण आधीच पुरेसे लांब असतात, आणि हे मला इतकी वर्षं फक्की मारूनही सुचलं नव्हतं! जवळ येणं होतं ते खो देताना आणि गडी मारताना. ते दोन्ही काढून टाकलं. मी नंबर पुकारायचो आणि हलगीवर थाप मारायचो. थाप हाच खो. ज्याचा नंबर तो उठायचा, कडेने पळत खांबाला हात न लावता वळसा घालायचा आणि आपल्या चौकात परत बसायचा. एका वेळी एकच पळतो, बाकीचे कान टवकारून बसलेले. बसल्या जागेवरून चटकन उठणं हेच खो-खोतलं सगळ्यात दुर्लक्षित कौशल्य, आणि त्या दोन महिन्यांत ते जेवढं सुधारलं तेवढं सामने खेळून कधी सुधारलं नव्हतं. हलगी एवढ्यासाठी की शिट्टीत तोंडाचा वारा आणि थुंकी दोन्ही असतात. शिवाय हलगी वाजली की पोरं नाचत बाहेर येतात, हा वरकड फायदा.

कबड्डीत एकट्याची चढाई घ्या. समोर कुणी नाही, फक्त रेषा. मध्यरेषेवरून निघायचं, ‘निदान रेषा’ (बॉक लाइन) ओलांडायची, बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवताना मागचा पाय हवेत, आणि तीस सेकंदांत परत. मागचा पाय हवेत होता की नाही, हे बाकीचे आपापल्या घरातून हात वर करून सांगतात. दम मात्र मनातल्या मनात म्हणायला लावा. आमच्यातली एक पोरगी पहिल्या दिवशी ओठ घट्ट मिटून गेली आणि परत येताच म्हणाली, ‘‘सर, मनातला दम तुटला तर तुम्हाला कसं कळणार?’’ मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

लेझीम असतील तर काढाच. हात फिरवायला तसंही अंतर लागतंच. प्रत्येक लेझमीवर चिकटपट्टी लावून हजेरी क्रमांक लिहा, म्हणजे अदलाबदल होत नाही. नसतील तर घरून आणता येईल अशा वस्तू बघा: भोवरा, सायकलचं जुनं टायर आणि काठी. टायर पळवत मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की मोठमोठ्यांचा दम निघतो. चेंडू एकच असेल तर मात्र नको. जुन्या मोज्यात चिंध्या भरून ज्याचा त्याने चेंडू करावा, भिंतीवर खडूने गोल काढून नेम धरावा.

धावायला लावताना एकामागोमाग सोडू नका. धापा टाकणाऱ्याच्या मागे सहा फूट पुरत नाहीत. शेजारच्या पट्ट्यात पळवा, किंवा बरंच अंतर जाऊ द्या. ‘खेलो इंडिया’च्या चाचणीत चौथीपासून पुढच्या मुलांना ६०० मीटर धावणं किंवा चालणं असतं. तेच घ्या आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहा. स्पर्धा मागच्या आठवड्यातल्या स्वतःशी. आणि पळताना मास्क लावायला सांगू नका. कोविडच्या काळातही जागतिक आरोग्य संघटनेने मुलांनी खेळताना मास्क घालू नये असंच सांगितलं होतं.

हे सगळं करून माझी फजिती कुठे झाली ते ऐका. पहिल्याच दिवशी तास छान पार पडला, मी शाबासकी दिली, ‘‘सुटी’’ म्हणालो, आणि बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी नळाकडे धाव घेतली. पन्नास मिनिटं जपलेलं अंतर पाच सेकंदांत गेलं. अंतर खेळताना मोडत नाही, खेळ संपल्यावर मोडतं. दुसरी जागा म्हणजे माझं स्टॉपवॉच. वेळ बघायला सगळे अंगावर येतात. म्हणून वेळ मोठ्याने वाचून दाखवा आणि घड्याळ खिशात टाका. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या घरातच, फुलीपाशी. तिथेच प्यायचं आणि मग रांगेरांगेने वर्गात.

मुख्याध्यापकांना वादात पाडू नका. सकाळी परिपाठाआधी फक्की मारून ठेवा आणि त्यांना नुसतं बाहेर बोलवा. आमचे मुख्याध्यापक आले, कमरेवर हात ठेवून सगळ्या फुल्यांकडे बघितलं, एका फुलीवर जाऊन उभे राहिले आणि हात पसरून शेजारच्या फुलीला पोचतोय का ते बघितलं. गणिताचा तास परत निघाला नाही.