पत्राने खेळायच्या बुद्धिबळात धारदार डिफेन्स घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की समोरच्याकडे विचाराला कित्येक दिवस आणि हाताशी पुस्तकं असताना काळ्याने टू नाईट्स डिफेन्ससारखं (दोन्ही घोडे लवकर बाहेर काढून खेळायची सुरुवात) धाडस करावं का. मी म्हणेन, जरूर करावं. फक्त समोरचा गडबडेल या भरवशावर नको. घड्याळाच्या धाकाने होणाऱ्या चुका इथे फारशा होत नाहीत. लाइन, म्हणजे चालींचा क्रम, खरी असावी लागते, आणि ती खरी आहे का हे मोहरी हलवून तपासायला तुम्हालाही तेवढेच दिवस मिळतात.

माझ्या एका डावात पांढऱ्याने चौथ्या चालीला घोडा जी५ वर आणला. मी डी५, मग बी५ खेळलो आणि घोडा डी४ वर नेला. त्याने तो घोडा मारला, मी वजिराने जी५ चा मारला, आणि नवव्या चालीला त्याच्या उंटाने बी५ वरून शह दिला. सी६ ने अडवावा, तर उंट तेच प्यादं मारून पुन्हा शह देतो आणि ए८ चा हत्तीही माऱ्यात येतो. राजा डी८ वर न्यायचा म्हणजे कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल) कायमचं गेलं. चार संध्याकाळी पट मांडून ठेवला होता. शेवटी राजाच हलवला. पुढे माझा दुसरा घोडा ई३ वर उतरला, वजिरांची मारामारी होऊन दोन्ही पटावरून गेले, मी एका प्याद्याने मागे होतो. पण त्याचा वजिराकडचा घोडा, उंट आणि हत्ती अजून घरातच बसले होते. डाव बरोबरीत सुटला आणि मला तो जिंकल्याइतका प्रिय आहे.

याच डिफेन्समधला एस्ट्रिन-बर्लिनर डाव मिळवून नक्की मांडा. पाचव्या जागतिक पत्र-बुद्धिबळ स्पर्धेतला, १९६५ ते ६८. एस्ट्रिन या ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) मोठे जाणकार. तरी बर्लिनरनी काळ्याकडून दहाव्या चालीला, घोडा आणि उंट दोन्ही माऱ्यात असताना, शांतपणे प्यादं ई४ वर सरकवलं! तो डाव त्यांनी जिंकला, आणि स्पर्धाही १६ पैकी १४ गुणांनी.

आधी तुमच्या स्पर्धेचे नियम वाचा. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत इंजिन (चाली शोधणारा संगणक-प्रोग्राम) चालतं, त्यामुळे तिथे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. इंजिनाला मनाई असेल तिथे हाच डिफेन्स घ्या, आणि बी५ वरच्या त्या शहाला उत्तर पुस्तकात बघण्याआधी पटावर स्वतः शोधा.