वाचकांचे प्रश्न : ब्रेक सुधारायचेत, पण सुरुवात कुठून?

रेसट्रॅकचा विचार नाही, पण रिकामा रस्ता आणि वळणं दिसली की गाडी जरा जोशात चालवावीशी वाटते, अशा वाचकांचे ब्रेकविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी हॅचबॅक साधारण १२०० किलोची आहे. घाट उतरताना आठ-दहा वळणांनंतर ब्रेक लागेनासे होतात. मोठ्या डिस्कचा किट बसवावा का?

इतक्यात नको. आधी 'लागेनासे' म्हणजे नेमकं काय होतं ते सांगा, कारण त्यात दोन वेगळे आजार आहेत. पेडल नेहमीसारखं घट्ट लागतं, पायाने जोर लावला तरी गाडी मात्र पुरेशी हळू होत नाही, वर जळका वास येतो, तर पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिमटणाऱ्या घर्षणाच्या पट्ट्या) त्यांच्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेले आहेत. पेडल मऊ पडून खाली जायला लागलं, दोन-तीनदा पंप केल्यावरच वर येतं, तर कॅलिपरमधलं, म्हणजे पिस्टनने पॅड दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो पुष्कळदा जोरात ब्रेक मारून झाल्यावर, मिनिटभर थांबून पुन्हा निघताना उघडकीला येतो. गाडी उभी राहिली की डिस्कला वारा लागत नाही आणि तिची उष्णता पॅड-पिस्टनमधून ऑइलमध्ये शिरते.

उष्णतेचा हिशोब एकदा मांडून बघा. १२०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर आणि पुढची प्रत्येक डिस्क ५ किलोची धरली, तर एका थांब्यात ती जवळपास ७० अंशांनी तापते. पण उताराचा हिशोब बहुतेक जण धरतच नाहीत. नुसती १०० मीटर उंची उतरताना हीच गाडी सुमारे ११८० किलोज्यूल सोडते, म्हणजे १०० वरून अडीच वेळा थांबल्याइतकी! ती ऊर्जा इंजिनाने पचवली नाही तर ब्रेकलाच पचवावी लागते. म्हणून पहिली सुधारणा फुकटची : ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वळणाआधी ठामपणे दाबा आणि पूर्ण सोडा.

मग क्रमाने जा. चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता पडताळा. एकच चाक फार तापलं असेल तर कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकली आहे किंवा पिस्टन परत जात नाही, आणि तो दोष असताना कुठलाही महाग पॅड वाया जाईल. त्यानंतर ताजं ब्रेक ऑइल आणि पुढच्या चाकांना चांगले पॅड. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची तक्रार इथेच संपते.

प्रश्न : ब्रेक ऑइल कोणतं घ्यावं, डॉट ४, डॉट ५.१ की डॉट ५?

नव्या, कोरड्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू डॉट ३ चा २०५, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० अंश सेल्सिअस. पण रस्त्यावर खरा आकडा 'ओल्या' ऑइलचा. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की हेच किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० अंश होतात. म्हणजे चार वर्षं न बदललेल्या डॉट ५.१ पेक्षा गेल्या महिन्यात भरलेलं साधं डॉट ४ बरं. सामान्य वापरात दोन वर्षांनी बदला, घाटात दामटत असाल तर दरवर्षी. ३०० अंशांच्या वरची रेसिंग ऑइलं मिळतात, पण त्यांतली बरीच लवकर पाणी शोषतात. ती बदलण्याचा आळस असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं. नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी ते बाकीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत घालायचं नाही. डबा घेताना तो टिंब नीट बघा. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत कंपनीने पातळ प्रकारचं डॉट ४ सांगितलं असेल तर तेच घ्या.

प्रश्न : पॅडच्या कडेवर एफएफ, जीजी अशी अक्षरं दिसतात. जी म्हणजे एफपेक्षा चांगला ना? आणि रस्त्यावर रेसचे पॅड चालतील का?

अक्षरं फक्त घर्षणाचा गट सांगतात : ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर पॅड थंड-कोमट असतानाचं, दुसरं गरम असतानाचं. दोन्ही सारखी असली की पाय दाबल्यावर प्रतिसाद बदलत नाही, हे चांगलं. 'एफई' दिसलं तर गरम झाल्यावर पकड घसरते असं समजा. पण ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतच थांबते. त्यापुढे पॅडचं काय होतं, किती टिकतो, डिस्क किती खातो, यातलं काहीच ही अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी उत्पादकाने दिलेली कामाची तापमान-मर्यादा बघा. खालची मर्यादासुद्धा.

रेसच्या पॅडचा घोटाळा त्या खालच्या मर्यादेतच आहे. सकाळी गाडी काढल्यावर पहिल्याच चौकात कोणी आडवं आलं तर पॅड थंड असतो आणि नेमका तेव्हाच कमी पकडतो. शिवाय तो किंचाळतो, चाकं काळी करतो, डिस्क लवकर झिजवतो. रस्त्यासाठी थंडीतही पकडणारा आणि वर साधारण ५०० अंशांपर्यंत टिकणारा 'फास्ट रोड' प्रकारचा पॅड घ्या. पुढच्या चाकांना फार चावरा आणि मागे जुनाच गुळगुळीत, अशी जोडी टाळा. त्याहून वाईट म्हणजे चावरा पॅड फक्त मागे.

प्रश्न : नवे पॅड आणि डिस्क टाकल्यावर महिन्याभरात ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाले म्हणतात डिस्क वाकली. इतक्या लवकर?

बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचा थर डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी बसलेला असतो, किंवा डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) सपाट न बसल्याने फिरताना लचकते आणि महिन्याभरात एका बाजूने जास्त झिजते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला कळतो.

डिस्क काढा. हबचा बसायचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी, कारण तिथे गंजाची कडी उरते. डिस्क परत चढवून सगळे नट हाताने लावा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत, आमनेसामने क्रमाने कसा. न्यूमॅटिक गनने एकेक नट ठोकून बसवला की डिस्क तिरकी ओढली जाते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावून कडेपासून १० मिलिमीटर आत लचक मोजा. गाडीनुसार मर्यादा बदलते, पण ०.०५ च्या वर गेली तर डिस्क एक-एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

मग पॅड बसवणी, म्हणजे नव्या पॅडचा थर डिस्कवर एकसारखा बसवणं, जी बहुधा झालीच नव्हती. मोकळा, सरळ रस्ता निवडा. आधी चार-पाच हलके ब्रेक. नंतर ताशी ८० वरून १५-२० पर्यंत, एबीएस लागणार नाही इतक्या मध्यम-ठाम दाबाने, आठ ते दहा वेळा. प्रत्येक वेळी पुन्हा वेग घ्या, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मध्ये वास येईल, पॅडमधली राळ जळते त्याचा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून गार करा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडच्या आकाराचा डाग तिथेच छापला जातो आणि थरथर परत सुरू. पॅड-उत्पादकाने वेगळी पद्धत दिली असेल तर ती वापरा.

प्रश्न : भोकांच्या डिस्क घ्याव्यात का?

दिसण्यासाठी घ्यायच्या असतील तर घ्या. जोरात वापरात भोकांच्या कडेपासून बारीक भेगा सुरू होतात. खाचांच्या डिस्क त्या मानाने बऱ्या, पॅड थोडे जास्त खातात एवढंच. साधी, पोटात हवेचे मार्ग असलेली चांगली डिस्क रस्त्याला पुरेशी आहे. किमान जाडी तिच्यावर कोरलेली असते. त्याखाली गेली की टाकून द्या.

प्रश्न : स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज (ऑइलच्या लवचीक नळ्या) बसवले, पण पेडल आधीपेक्षा मऊ झालं!

आत हवा राहिली आहे. जाळीचा होज दाबाने फुगत नाही, त्यामुळे पेडल घट्ट आणि नेमकं लागायला हवं. तो थांबण्याचं अंतर कमी करत नाही, हेही जाता जाता.

हवा काढताना ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ ठेवा आणि काम चालू असताना ती कधीच रिकामी होऊ देऊ नका. रिकामी झाली तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये जाते आणि मग स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय निघत नाही. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. सगळ्यांत लांबचं चाक आधी हा नियम सर्रास सांगतात, पण तो सगळ्या गाड्यांना लागू नाही. निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. मदतनीस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल पाव फेरा उघडता, बंद करता, आणि मगच तो पाय उचलतो. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. पूर्ण बदलायला लिटरभर ऑइल हाताशी असू द्या. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइलमध्ये दाब तयार करणाऱ्या सिलिंडरचा) कधी न वापरलेला भाग गंजलेला असतो आणि त्यावरून सील घासून फाटतं.

एवढं करूनही मऊच असेल तर निपल बघा. ते कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं. खाली असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आहे आणि हवा वर अडकून बसली आहे, मग कितीही पंप करा. बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर आहेत ना, होजला पीळ नाही ना, हेही बघा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, चाक लटकतं ठेवून आणि टेकवूनही, होज ताणत वा टायरला घासत नाही याची खात्री करा. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

प्रश्न : माझ्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे पुढचे ब्रेक बसतात. डिस्क २५६ ऐवजी २८० मिलिमीटर, पिस्टन ५४ ऐवजी ५७. फायदा किती?

पिस्टनचं क्षेत्रफळ ११ टक्के वाढतं. पॅड जिथे पकडतो ती त्रिज्या साधारण १०३ वरून ११५ मिलिमीटर होते, म्हणजे जवळपास १२ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की त्याच दाबाला पुढचा ब्रेक सुमारे २४ टक्के जास्त जोर लावतो. ऐकायला छान. पण मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल जास्त खाली जाईल, आणि जोर फक्त पुढे वाढल्याने पुढची चाकं आधी लॉक व्हायला जातील, मागचे ब्रेक अर्धवट वापरले जातील. म्हणून वरच्या व्हेरिएंटचा मास्टर सिलिंडर आणि मागचे ब्रेक वेगळे आहेत का, हे पार्ट नंबरांवरून तपासा. वेगळे असतील तर संचच घ्या. एबीएस युनिटचा पार्ट नंबरही ताडून बघा. आणि मोठ्या कॅलिपरवर तुमचं चाक बसतं का, हे पैसे देण्याआधी.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सध्याचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर एबीएस चालू करू शकत असतील, तर मोठे ब्रेक एका थांब्याचं अंतर कमी करणार नाहीत. ते अंतर टायर ठरवतो. ताशी १०० वरून, टायरची रस्त्यावरची पकड (घर्षणांक) ०.९ असेल तर ४४ मीटर, १.० असेल तर ३९. हे पाच मीटर टायरच्या दुकानात मिळतात. मोठ्या डिस्कचा खरा फायदा आठव्या-दहाव्या थांब्याला दिसतो, कारण जास्त लोखंड उष्णता जास्त पचवतं. पॅड आणि ऑइल बदलूनही तुमचे ब्रेक थकत असतील तरच हा खर्च करा.

प्रश्न : मागचे ड्रम काढून डिस्क लावू का?

नको. मागच्या चाकांवर भार कमी असतो आणि हँडब्रेक, दाबाची वाटणी, एबीएस हे सगळंच नव्याने जुळवावं लागतं. शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ॲडजस्ट करा, ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसा, व्हील सिलिंडरचे बूट गळत नाहीत ना बघा.

प्रश्न : डिस्कमागचा पातळ पत्रा काढला तर ब्रेक गार राहतात म्हणे?

थोडे राहतात. पण तोच पत्रा बॉल जॉइंट आणि टाय-रॉडच्या रबरी बुटांना लालबुंद डिस्कच्या झळेपासून वाचवतो आणि खडे-चिखल बाहेर ठेवतो. काढू नका. हवाच द्यायची असेल तर बंपरमधून ६०-७५ मिलिमीटरचा उष्णता सोसणारा पाइप आणून त्याचं तोंड डिस्कच्या मध्याकडे वळवा, कडेकडे नाही, कारण पोटातल्या मार्गांत हवा मध्यातूनच ओढली जाते. पाइप पूर्ण वळलेल्या टायरला लागत नाही हे बघून मगच बांधा.